वाईन कॅबिनेट थंडच होत नाहीये, गॅस भरून घ्यावा का?

मंडळी, मदत हवी आहे. मी नागपूरला राहतो. घरी काचेच्या दाराचं छोटं वाईन कॅबिनेट आहे. हिवाळ्यात १२ अंशांवर लावलं की निमूट १२ दाखवायचं. एप्रिल लागल्यापासून मात्र २० च्या खाली उतरत नाही. मागचा पंखा दिवसरात्र फिरतोय. काचेला बाहेरून घाम येतो आणि आत तळाशी पाणी साचतं, ते वेगळंच. सुताराने टीव्ही युनिटमध्ये अगदी मापाचा कप्पा करून दिलाय, त्यात ते बसवलंय. खोलीत एसी नाही, कूलर आहे.

मेकॅनिकने उघडून न बघताच सांगितलं, "गॅस संपलाय, साडेतीन हजार होतील." भरून घेऊ का? आत नाशिकच्या काही रेड आहेत आणि भावाने फ्रान्सहून आणलेल्या दोन बाटल्या. खरी काळजी त्या दोघींची.

विदर्भी_तांत्रिक: थांबा, पैसे देऊ नका. मागे खाली काळा, गाडग्याएवढा कॉम्प्रेसर दिसतो का? आणि स्टिकरवर आर-६००ए किंवा आर-१३४ए असं गॅसचं नाव आहे का?

धागाकर्ता: कॉम्प्रेसर नाही दिसत. जाळीमागे पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पात्या आहेत. स्टिकरवर 'थर्मोइलेक्ट्रिक' लिहिलंय.

विदर्भी_तांत्रिक: मग त्यात गॅस मुळातच नाही, संपेल कुठून! तुमच्या कॅबिनेटमध्ये पेल्टिअरची चकती आहे. तिच्यातून वीज वाहिली की तिची एक बाजू गार होते, दुसरी तापते. तापलेल्या बाजूची उष्णता त्या पात्या आणि पंखा बाहेर फेकतात. या यंत्राची धाव खोलीपेक्षा साधारण १५ अंश खाली, फार तर थोडी जास्त. खोली ३५ ला असेल तर आत २० म्हणजे बिचारं आपलं काम चोख करतंय. बहुतेक कंपन्या माहितीपुस्तिकेत खोलीचं तापमान २५ पर्यंतच धरतात, ते पान कोणी वाचत नाही.

त्यात तुम्ही ते कप्प्यात कोंडलंय. फेकलेली गरम हवा तिथेच घुटमळते आणि पंखा तीच परत ओढतो. बाहेर काढा, मागे वीतभर जागा सोडा, प्लग काढून पात्यांमधली धूळ ब्रशने झाडा. आणि डिस्प्लेवर विसंबू नका, तो आतल्या हवेचं तापमान सांगतो. पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून रात्रभर आत ठेवा. बाटलीतल्या वाईनचा अंदाज त्यावरून येईल.

सईची_आई: पाण्याचं कारण तुमचा कूलर आहे हो. खोलीतली हवा दमट, काच गार, मग घाम येणारच. आम्हाला रत्नागिरीत जून ते सप्टेंबर हेच. पण आत पाणी साचतंय म्हणजे दाराच्या रबरातून हवा शिरत असणार. कागद दारात अडकवून ओढून बघा. जिथे अलगद निघून येईल तिथे रबर बसत नाहीये. कोमट पाण्याने पुसा, तरीही नाही बसलं तर बदला. कॅबिनेट एका बाजूला कललं असेल तरी दार नीट लागत नाही, आधी खालचे पाय फिरवून समतल करा.

द्राक्षबाग_नाशिक: वाईनचं सांगतो. साठवायला १२-१३ अंश उत्तम, पण काही महिने एकसारखं २० राहिलं तर रेड लगेच बिघडत नाही, फक्त लवकर म्हातारी होते. २५ च्या वर आठवडेच्या आठवडे राहिली तर मात्र चव उतरते. भारनियमनात तिकडे लक्ष ठेवा. कॉर्कच्या बाटल्या आडव्याच ठेवा, कॉर्क सुकला की हवा आत जाते. कॉर्क वर सरकला असेल किंवा बाटलीच्या मानेवर वाईन ओघळलेली दिसली तर ती बाटली उष्णतेत सापडलीय असं समजा. फिरकीच्या झाकणाच्या उभ्या ठेवल्या तरी बिघडत नाही.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. कप्प्यातून काढलं, पात्यांमधून कापसासारखे पुंजके निघाले. ग्लासातलं पाणी आज १७ दाखवतंय. रबर खालच्या कोपऱ्यात सैल आहे, ते मागवलंय. कॉर्क जागेवर आहेत. मेकॅनिकला नको म्हणून कळवलं. आता मे कसा काढायचा?

विदर्भी_तांत्रिक: मे महिन्यात पेल्टिअरकडून १२ ची आशा सोडा. घरातल्या सगळ्यात गार, उत्तरेकडच्या खोलीत हलवा, कूलरच्या झोतापासून लांब. पुढे कधी बदललंत तर कॉम्प्रेसरवालं घ्या. कप्प्यातच बसवायचं असेल तर हवा समोरून सोडणारं मॉडेल मागा. आणल्यावर काही तास उभं ठेवून मगच चालू करा. आपल्याकडच्या व्होल्टेजला स्टॅबिलायझर हवाच. वीज आल्यावर कॉम्प्रेसर तीन मिनिटं थांबून सुरू होईल असा घ्या.