मदत हवी आहे : दादा नवी गाडी घणानं फोडायला निघालाय, ग्राहक आयोगाचा अनुभव असलेल्यांनी सांगा

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहिते आहे, पण कृपया पूर्ण वाचा. आमच्या घरातला प्रकार हाताबाहेर चाललाय.

माझा थोरला भाऊ तासगाव तालुक्यात द्राक्षबागायतदार आहे. गेल्या दसऱ्याला त्यानं एका परदेशी कंपनीची ऑटोमॅटिक गाडी घेतली. एक्स-शोरूम ४७ लाख ८० हजार, सगळं मिळून ५७ च्या आसपास. निम्म्याहून जास्त कर्ज आहे. कंपनीचं आणि शोरूमचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

तीन महिन्यांत गिअरबॉक्सचं दुखणं सुरू झालं. चालता चालता गाडी झटका देते, पिवळा दिवा लागतो आणि मग तिसऱ्या गिअरच्या वर जातच नाही. याला 'लिम्प मोड' म्हणतात. बंद करून पुन्हा चालू केली की दिवा जातो, म्हणून वर्कशॉपला पोचेपर्यंत सगळं ठीकठाक दिसतं. पाच वेळा गाडी तिथं गेली, एकूण ७१ दिवस उभी होती. दोनदा सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं, एकदा कंट्रोल युनिट बदललं. जॉबकार्डवर मात्र दरवेळी तेच: 'टेस्ट ड्राइव्ह घेतली, दोष आढळला नाही.'

फेब्रुवारीत पुण्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिला गावी परत नेताना खंबाटकीच्या चढाला दिवा लागला. आई मागच्या सीटवर, डोळ्यावर हिरवी पट्टी. मागून ट्रकचे हॉर्न, आणि गाडी रांगतेय. दादानं हेल्पलाइनला फोन लावला तर उत्तर आलं, "सोमवारी घेऊन या." त्या दिवसापासून तो या विषयावर नीट बोलतच नाही.

मागच्या आठवड्यात माहेरी गेले तर ओसरीवर पाच किलोचा घण. नवा बाभळीचा दांडा बसवलेला, त्याला तेल चोळलेलं. वहिनी म्हणाली, २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनाला, शोरूमच्या दारात गाडी फोडायची असं ठरलंय. मित्रांनी त्याला चीनचे व्हिडिओ दाखवलेत.

ते व्हिडिओ खोटे नाहीत, मी शोधून वाचलं. चिंगदाओ शहरात १५ मार्च २०११ ला, म्हणजे जागतिक ग्राहक हक्क दिनी, एका मालकानं माणसं लावून स्वतःची लॅम्बोर्गिनी गलार्डो घणांनी फोडून घेतली. त्याच शहरात २०१३ च्या मे महिन्यात वाहन प्रदर्शनाच्या दारात २६ लाख युआनची मासेराती फुटली. वुहानमध्ये तर २००१ सालीच एका वन्यप्राणी उद्यानानं आपली मर्सिडीज आधी जनावराला जुंपून रस्त्यानं ओढत नेली आणि मग फोडली. फिनलंडमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये एकानं २०१३ ची टेस्ला ३० किलो डायनामाइट लावून उडवली, कारण बॅटरी बदलायला किमान २० हजार युरो सांगितले होते.

दादाचा संताप मला शंभर टक्के पटतो. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूसाठी पाच पाच हेलपाटे घालायचे आणि वर 'दोष नाही' ऐकायचं, याला कुणीही चिडेल. पण एक गोष्ट त्याला कशी पटवू? चीनमध्ये गाड्यांची दुरुस्ती, बदली आणि परताव्याचे स्वतंत्र नियम १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू झाले. मी सांगितलेल्या तिथल्या तिन्ही गाड्या त्याआधी फुटल्या. आपल्याकडे कायदा आहे, आयोग आहे. आणि घण पडला की पुरावाच गेला! पुढं पाच वर्षं हप्ते भरायचे ते भंगाराचे.

आंदोलनच करायचं तर २०२२ साली परळीत एकानं नादुरुस्त इलेक्ट्रिक स्कूटर गाढवाला बांधून गावभर फिरवली, तसं काही करता येईल. गाडी शाबूत राहते.

ज्यांनी गाडीच्या उत्पादन दोषाची केस लढवली आहे त्यांनी सांगा: मोबदला, म्हणजे गाडीसाठी मोजलेली किंमत, ४७ लाख धरतात की ५७? त्यावर सांगलीत जिल्हा आयोगात जायचं की राज्य आयोगात, ते ठरणार. तज्ज्ञाचा अहवाल कुणाकडून घेतात? मी पुण्यात राहते. इथली एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था खाजगी माणसाची गाडी तपासून देते का? केस चालू असताना गाडी वापरली तर 'गाडी चालतेय की' असं म्हणतात का?

प्रतिसाद १

ताई, आधी तो घण घरातून हलवा. गाडी हाच तुमचा मुख्य साक्षीदार आहे. तपासणीशिवाय दोष कळणार नसेल तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेऊ शकतो, फी आधी तक्रारदार भरतो. तक्रारीसोबतच तसा अर्ज द्या. आयोगानं नेमलेल्या तज्ज्ञाच्या अहवालाला खाजगी अहवालापेक्षा वजन असतं.

किमतीचं असं: १९८६ च्या कायद्यात किंमत अधिक मागितलेली भरपाई असा हिशेब होता. २०१९ च्या कायद्यात प्रत्यक्ष दिलेला मोबदलाच धरतात. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, पुढं २ कोटींपर्यंत राज्य आयोग. आरटीओचा कर सरकारला गेला, विम्याचा हप्ता विमा कंपनीला. तिन्ही पावत्या वेगळ्या जोडा आणि जिल्हा आयोगातच दाखल करा. उत्पादक आणि विक्रेता दोघांनाही पक्षकार करा. मुदत दोन वर्षांची आहे, ती चुकवू नका. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येतं, वकील लागतोच असं नाही.

भावाला हेही सांगा: दुसऱ्याचं नुकसान करण्याच्या हेतूनं स्वतःची वस्तू मोडली तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली आगळिकेचा, म्हणजे मालमत्तेच्या नुकसानीचा, गुन्हा होऊ शकतो. विमा उतरवलेलं जहाज मुद्दाम बुडवणाऱ्याचं उदाहरण कायद्यातच आहे. तुमच्या आरसीवर बँकेचा बोजा आहे. विमा कंपनीही एक पैसा देणार नाही.

प्रतिसाद २

आमच्या गाडीचं असंच झालं होतं, त्यावरून सांगतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीनं नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, घेऊन ठेवा. दिवा लागला की गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि बंद करण्याआधी कोड वाचून फोनमध्ये साठवा. शेजारच्यानं दिवा, वेग आणि किलोमीटरचा आकडा एका दमात व्हिडिओत घ्यायचा. आणि गाडी वर्कशॉपला देताना जॉबकार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहिल्याशिवाय सही करायची नाही. 'गिअरचा आवाज' असं ते लिहितात, तिथं 'घाटात तिसऱ्या गिअरवर अडकली' असं लिहायला लावा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री दादाला फोनवर दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जहाजाचं परत वाच." गाडी आता बेदाण्याच्या शेडमध्ये झाकून ठेवलीय, किल्ली वहिनीकडे आहे. घण अजून ओसरीवरच आहे, पण त्यानं स्वतःहून जॉबकार्डांची फाइल काढली.

त्यात चारच कार्डं निघाली. तिसऱ्या वेळचं, कंट्रोल युनिट बदललं तेव्हाचं, नेमकं तेच नाही. शोरूमवाले फोनवर 'सिस्टिममध्ये दिसत नाही' म्हणतात. त्याची प्रत लेखी मागायची तर पत्र कुणाच्या नावानं लिहायचं, शोरूमच्या मॅनेजरच्या की थेट कंपनीच्या? सोमवारी स्पीड पोस्टानं पाठवायचं आहे.