रुग्णवाहिका उशिरा पोहोचली, तर आधी शॉक की आधी सीपीआर?

धागाकर्ता: हृदय बंद पडून आठ-दहा मिनिटे झाली आहेत, तोवर कोणीही छाती दाबलेली नाही आणि मॉनिटरवर व्हीएफ (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची अनियमित थरथर) दिसतो आहे. अशा रुग्णाला लगेच विजेचा शॉक द्यावा की आधी तीन मिनिटे सीपीआर (छाती दाबून रक्त फिरते ठेवणे) करावा? मी सीपीआरच्या बाजूचा आहे. रक्ताविना राहिलेल्या स्नायूची ऊर्जा संपत आलेली असते, व्हीएफच्या ठसठशीत लाटा बारीक होत जातात आणि त्या अवस्थेत शॉक दिला, की व्हीएफ थांबतो खरा, पण मागून पुष्कळदा सरळ रेषाच येते. ऑस्लोच्या २००३ सालच्या अभ्यासात, मदत पाच मिनिटांहून उशिरा पोहोचलेल्या रुग्णांपैकी आधी सीपीआर मिळालेले २२ टक्के रुग्ण जिवंत घरी गेले, तर थेट शॉक मिळालेले अवघे ४ टक्के.

प्रतिसाद १: हा आकडा मलाही बरीच वर्षे पटत असे, पण तो जेमतेम सव्वाशे रुग्णांच्या उपगटाचा आहे. अमेरिका-कॅनडातील २०११ सालच्या अभ्यासात सुमारे दहा हजार रुग्ण होते. एका गटात अर्धा ते एक मिनिट आणि दुसऱ्यात तीन मिनिटे सीपीआर करून मगच रिदम (मॉनिटरवरची हृदयाची लय) पाहिला गेला. बऱ्या अवस्थेत घरी गेलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे ५.९ टक्केच निघाले. मग तयार असलेले शॉकचे यंत्र घेऊन थांबायचे कशासाठी?

धागाकर्ता: त्या अभ्यासातही सीपीआरशिवाय थेट शॉक देणारा गट नव्हता, हे विसरू नये.

प्रतिसाद २: तो अर्धा मिनिट पॅड (शॉक पोहोचवणाऱ्या चिकटपट्ट्या) लावेपर्यंत मिळतोच. एकाने छाती दाबत राहावे, दुसऱ्याने शर्ट कापून घाम पुसावा, एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली आणि दुसरा डाव्या काखेखाली चिकटवावा. यंत्र चार्ज होत असतानाही दाब चालू ठेवावा आणि शॉकनंतर नाडी चाचपत न बसता पुन्हा दोन मिनिटे दाबावे. वाट पाहायची ती फक्त पॅडची, घड्याळाची नव्हे.

धागाकर्ता: हे मान्य, पण आमच्या गाडीवर डॉक्टर आणि चालक असे दोघेच असतो. चालक स्ट्रेचर काढायला गेला, की मी छाती दाबू की पॅड लावू?

प्रतिसाद २: स्ट्रेचर गाडीतच राहू द्या. चालकाला मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक पाच सेंटिमीटर खोल, द्यायला शिकवा आणि रुग्णापाशी पोहोचताच आधी चालकालाच छाती दाबायला गुडघ्यांवर बसवा.