नारुतो संपल्यावरचे ते १० चॅप्टर: मलाच खटकलं का तुम्हालापण?

नांदेडी_कुनाई

राम राम मंडळी. परवा रात्री लाईट गेलती, मोबाईलला ६० टक्के चार्जिंग होतं, म्हणलं आज ते सारादाचे, म्हणजे सासुके-साकुराच्या पोरीचे, १० चॅप्टर उरकूनच टाकू. नारुतो हा जपानी मांगा, म्हणजे निन्जांची चित्रकथा, संपल्यावर तिच्याच लेखकानं, किशिमोतोनं, स्वतः लिहून काढून चितारलेले, सातव्या होकागेच्या (होकागे म्हणजे निन्जांच्या गावाचा प्रमुख) नावाचे. ज्यांनी वाचलं नाही त्यांनी इथूनच परत फिरा, पुढं मी सगळं फोडायलोय.

आधी माझी बाजू सांगतो. मी आठवीत असताना दोस्ताच्या पेन ड्राइव्हवरून नारुतो लागला तो लागलाच. मांगा १९९९ ला सुरू झालता, नोव्हेंबर २०१४ ला संपला, ७०० चॅप्टर, ७२ खंड. ७०० वा चॅप्टर सगळा रंगीत, आणि त्यात बोरुतो होकागेंच्या त्या डोंगरातल्या तोंडांना रंग फासतो, बापानं पहिल्याच चॅप्टरात फासलता तसाच. ते बघून मला वाटलं झालं, गोल पुरा झाला, आता ह्याच्यावर कुणी एक रेघपण ओढू नये. आन पाच-सहा महिन्यांत, २०१५ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत, हे १० चॅप्टर आले.

मला वाटलं नवीन पोरांची शाळा, परीक्षा, मस्ती असंल. तर निघालं काय, सारादाला शंका की साकुरा आपली खरी आई आहे का नाही, बाप तर जन्मात बघितलेला नाही, फोटोत त्याच्या बाजूला दुसरीच एक चष्मेवाली. म्हणजे निन्जाचा मांगा सोडून संध्याकाळी सातची मालिका चालू झाली की राव. आणि सगळ्यात डोक्यात गेलं ते हे, की पोरगी इतक्या लांब चालत बापाला भेटायला येती, बापाला भेटायच्या आनंदात तिचं शारिंगान (त्यांच्या उचिहा घराण्याची लाल डोळ्यांची शक्ती) पहिल्यांदा उघडतं, आणि सासुके तिलाच दुश्मन समजून तलवार घेऊन अंगावर जातो. स्वतःच्या पोरीला वळखत नाही! इतक्या जुन्या कॅरेक्टरची अशी माती कामून केली?

तर सवाल असा की हे लिहायची गरज होती का, आणि ती डीएनए टेस्टची भानगड कुणाला पटली का.

लेन्सखालची_ताई

मी परभणीला लॅबमध्ये कामाला आहे, म्हणून टेस्टचं मी सांगते, बाकीचं भांडण तुम्ही घाला.

सुइगेत्सु, सासुकेचा जुना साथीदार, काय करतो, कारिनच्या, म्हणजे फोटोतल्या त्या चष्मेवालीच्या, टेबलाच्या खणात त्याला एक वाळलेली नाळ सापडते, तो समजतो ही कारिनची, तिच्यावरून तो सारादाचा डीएनए जुळवतो, आणि जुळतो. झालं, पोरगी कोसळते. शेवटी कळतं की कारिननं सुईणीचं काम केलं होतं, सारादा साकुरालाच झालेली आणि ती नाळ त्याच बाळंतपणातली. इथपर्यंत लेखकानं बरोबर गाठ मारली असं वाटतं ना? पण अहो, नाळ आईची नसते! नाळेतल्या पेशी बाळाच्या असतात. म्हणजे सुइगेत्सुनं सारादाचा डीएनए सारादाच्याच डीएनएशी जुळवला. तो जुळणारच, शंभर टक्के जुळणार. आई-लेकीचा निम्माच जुळतो, आणि असा पूर्ण जुळलेला रिपोर्ट बघून आमच्याकडचा शिकाऊ पोरगासुद्धा म्हणला असता की म्याडम, एकच सॅम्पल दोनदा लागलंय. त्या टेस्टनं आई कोण हे कळूच शकत नाही, ना कारिन ना साकुरा.

पण खरं सांगू का, चूक असूनपण मला तो भाग आवडला. जपानात बाळाची नाळ वाळवून लाकडी डबीत जपून ठेवायची पद्धत आहे, आपल्याकडं पुरतात. माझी नाळ आजोळच्या गोठ्याच्या कोपऱ्यात पुरलेली आहे असं आजी सांगायची, आणि लहानपणी मी तिथं शेणाच्या पाट्या बाजूला करून बघितलंय की काही दिसतं का. त्यामुळं ती वाळकी नाळ बघितली की जपानी वाचकाला पोटात काय होत असेल ते मला समजतं. लेखकानं विज्ञानासाठी नाळ घेतलीच नाही, ती डबी प्रत्येक घरात असते म्हणून घेतली.

क्रांतीचौक_होकागे

ताईनं एका झटक्यात सुइगेत्सुचं लॅबचं लायसन रद्द केलं 😂

आमची आजी सारादाला शारदाच म्हणती, मी सांगून सांगून थकलो की आजी जपानीत सारादा म्हणजे कोशिंबीर.

आता माझं मत. गरज नव्हती, कुनाईभाऊशी सहमत, पण कारण येगळं आहे. माझं दुखणं सासुके नाही, व्हिलन आहे. शिन उचिहा म्हणे. अंगभर शारिंगान चिकटवलेला एक टकल्या, त्याची कितीतरी क्लोन पोरं, सासुकेच्या मोठ्या भावाचा, इताचीचा भक्त, आणि १० चॅप्टरात आला कधी गेला कधी पत्ता नाही. जिथं पेन आणि मादारासारखे व्हिलन येऊन गेले तिथं हे म्हणजे लग्नात मुख्य आचारी पळून गेल्यावर गल्लीतल्या पोरानं केलेला मसालेभात. आणि साकुरा! एवढी मोठी डॉक्टर, तिला पहिल्याच चॅप्टरात पोरगी आडवंतिडवं विचारती तर ती बुक्की मारून स्वतःचं घर पाडती आणि बेशुद्ध. अरे १५ वर्षं जिला रडवली तिला आता तरी नीट घरात बसू द्या.

एक गोष्ट मात्र भारी, ती म्हणजे नारुतो. सातवा होकागे झाला, पण दिसतो कसा, एकदम तहसीलमधला अव्वल कारकून, फायलींच्या ढिगात, डोळे तारवटलेले. ज्या खुर्चीसाठी ७०० चॅप्टर जीव काढला ती मिळाल्यावर घरचा डबा पोरानं आणून द्यायचा, तोपण पोरगा टाळतो आणि शेवटी सारादा तो डबा न्यायच्या बहाण्यानं गावाबाहेर पडती. हे मला लई खरं वाटलं.

पट्टा_पडला

मी फारसं लिहीत नाही इथं, वाचतो. पण कुनाई भाऊचं ते वाक्य, पोरीला वळखत नाही, ते वाचून राहवलं नाही.

आमचं गाव केज तालुक्यात. आई-बाप दोघं ऊसतोडीला, दोघांची जोडी म्हणजे एक कोयता. दसरा झाला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, ट्रकमध्ये भांडी-कुंडी टाकायची आन कोल्हापूर नाहीतर कर्नाटक, आन कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, वापस, होळी-पाडव्याच्या आसपास. मी आन माझी बहीण आजीपाशी. मी शाळेत होतो म्हणून, ती लई बारकी होती आन कोपीवर, तोडीवरच्या झोपडीत, आजारी पडायची म्हणून.

बहीण तीन वर्षाची असंल तवाची गोष्ट. ट्रॅक्टर वेशीत थांबला, सगळी पोरं पळाली, आन बाप घराकडं आला. सहा महिन्यांत दाढी वाढलेली, पाचट जाळून जाळून तोंड काळं ठिक्कर. ही आजीच्या लुगड्यामागं गेली आन तिनं इचारलं, ह्ये कोण हाय. बाप हसला. मग खाली बसून गाठोडं सोडाया लागला. गाठ कधीच सुटलीती, मी बगत होतो, तरी तो सोडतच होता. त्यातून तिच्यासाठी आणलेला फ्रॉक काढला तर तो तिच्या बेंबीपसतोरच आला. तो जाताना ती जेवढी होती त्या मापाचा आणला होता त्यानं.

म्हणून सासुके वळखत नाही ह्याचा मला राग आलाच नाही. तो कागुयाचा, त्या जुन्या दुश्मनाचा, माग काढत वर्षानुवर्षं बाहेर, गावासाठीच, तो सोडून गेलाय तवा पोरगी पाळण्यातली. त्याच्या डोक्यात तीच पाळण्यातली पोरगी आसणार ना. आन समोर उभी राहिली ती चष्मा लावलेली, लाल डोळ्याची, नुकतंच एका शारिंगानवाल्या पोरानं हल्ला करून गेलेला. मी पन तलवार उपसली असती. मला तर वाटतं तेवढं एक पान काढायसाठीच ह्यानं बाकीचे चॅप्टर लिवले.

आन तो फोटो. साकुरानं दुसऱ्याच ग्रुपफोटोतला सासुके कापून फ्रेममध्ये बसवलेला असतो, नवराबायकोचा नीट फोटोच नाही. आमच्या घरातबी भिंतीवर बापाचा जो फोटो होता तो मुकादमाच्या पोराच्या लग्नातला कापलेला. त्याच्या खांद्यावर कुणाचातरी हात तसाच राहिलेला, चार बोटं, अंगठी घातलेली. कुणाचा हात ते आम्हाला आजून ठाव नाही. बहीण लहानपणी म्हणायची तो आईचा हात हाय. आई कवा अंगठी घालत नव्हती.

लेन्सखालची_ताई

दादा, काय लिहिलंत. मी ब्रेकमध्ये वाचलं आणि परत आत जाववेना.

तुम्ही म्हणता तसं बघितलं तर सारादाचा शेवटचा प्रश्नपण वेगळा लागतो. ती बापाला विचारते की तुझं आणि आईचं मन खरंच जुळलेलं आहे का, आणि तो म्हणतो हो, आणि पुरावा म्हणून तिच्याकडंच बोट दाखवतो, तू आहेस ना. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते फिल्मी वाटलं होतं, कारण तेवढं बोलून पठ्ठ्या परत निघून जातोच.

क्रांतीचौक_होकागे

पट्टाभाऊ, आपण मागं घेतो. शिनचं सोडून. शिन टकल्याला माफी नाही.

एक डाऊट मात्र राहतोच. गावासाठी बाहेर असला तरी सासुकेकडं ससाणा होता की, नारुतोला चिठ्ठ्या पाठवायचा. पोरीला एक चिठ्ठी पाठवायला काय झालतं? तुमच्या वडिलांकडं तेव्हा फोन नसंल, ह्याच्याकडं पक्षी होता.

पट्टा_पडला

फोन आला होता नंतर. मुकादमाच्या फोनवर बोलायचा महिन्यातून एकदा. जेवली का, अभ्यास कर, आजीला तरास देऊ नको, ठेवतो. येवढंच. सगळी टोळी बाजूला उभी, आपापला नंबर लागायची वाट बगत. पक्षी असून काय लिवणार होता तो.

नांदेडी_कुनाई

मी काल रात्री शेवटचे तीन चॅप्टर परत वाचले. निघताना तो वाकतो आणि दोन बोटं सारादाच्या कपाळाला टेकवतो, इताची त्याला करायचा तसं. पहिल्यांदा वाचताना मी ते फॅनसाठी टाकलंय म्हणून भर्रकन पुढं ढकललं होतं. ह्या वेळेस थांबलो. त्याच्या भावानं त्याला आयुष्यभर तेवढंच दिलंय, नंतर बघू म्हणून कपाळाला टिचकी, त्याच्याकडं दुसरं होतंच काय द्यायला. आणि सारादा कपाळाला हात लावून उभी राहती, ते चित्र किशिमोतोनं साध्या चार रेघांत काढलंय.

शिनचं आणि घर पाडायचं मी अजूनपण मान्य करणार नाही. डीएनएचं तर ताईनं केलंच पोस्टमार्टम. पण सासुकेवरचा माझा आरोप मी मागं घेतो, वरची पोस्ट एडिट करत नाही, राहू द्या तशीच.

पट्टाभाऊ, त्या फ्रॉकचं पुढं काय झालं?

पट्टा_पडला

बाहुलीला घातला तिनं. आता तिची पोरगी खेळती त्या बाहुलीशी, लातूरला ऱ्हाते ती. फ्रॉकचा रंग उडालाय पार.