पार्किंगमधलं गंजीफ्रॉक कोणाचं?

सेक्रेटरी: बी विंगखाली स्कूटरच्या आरशाला पांढरी बंडी अडकलेली सापडलीय, वॉचमनकडे ठेवलीय. ज्यांची असेल त्यांनी घेऊन जा 🙏

बी-३०४ काकू: फोटोत तर बनियन दिसतंय हो, बंडी कुठाय?

ए-१०१ आजोबा: बंडीला खिसा असतो. आमच्याकडे मांजरपाटाची शिवून घ्यायचे, पैसे, तंबाखूची चंची सगळं त्या खिशात, आणि वर सदरा नसला तरी माणूस नुसत्या बंडीवर गावभर फिरायचा. हे विणलेलं आहे. याला गंजीफ्रॉक म्हणतात.

सी-२०२: 😂😂 आजोबा तुम्ही फ्रॉक घालायचात??

ए-१०१ आजोबा: अजून घालतो.

बी-५०१: हसू नका रे. इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या समुद्रात गर्न्सी बेट आहे, तिथले कोळी विणलेला लोकरी स्वेटर घालायचे तो गर्न्सी फ्रॉक, आपल्याकडे येईपर्यंत त्याचा गंजीफ्रॉक झाला. शेजारचं बेट जर्सी, म्हणजे पोरांची क्रिकेटची जर्सी पण तिकडचीच

बी-३०४ काकू: मग बनियन पण साहेबाचंच का

बी-५०१: नाही काकू, ते आपल्याकडून गेलं. गुजराती वाण्यांना पोर्तुगीज, इंग्रज बनियन म्हणायचे, मग साहेब लोक घरात सैल अंगरखा घालायला लागले त्यालाही तेच नाव, आणि फिरत फिरत ते आतल्या कपड्याला येऊन चिकटलं

सी-२०२: पण ते बनियन का ती बनियन?

बी-३०४ काकू: आमच्याकडे ते. माझ्या नागपूरच्या जाऊबाई 'ती बनियान' म्हणतात, कोण वाद घालणार

ए-४०३ वहिनी: आमच्या सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज धरणारे पांढरी बाराबंदी घालतात, तिला चुकून बंडी म्हणून बघा, आमचे हे दिवसभर बोलायचे नाहीत 😄

सी-२०२: वॉचमनभैय्या बिहारचे ना, सकाळी मला विचारतात "गंजी किसका है", मी म्हटलं पार्किंगमध्ये गवताची गंजी कोणी रचली

सेक्रेटरी: ते सगळं ठीक आहे पण नेणार कोण?? ९० नंबर आहे, उजवी बाही उसवलीय. आणि वरच्या मजल्यांनी कपड्यांना चिमटे लावा, तिसऱ्यांदा सांगतोय

ए-१०१ आजोबा: माझा नंबर ८५. आणि मी चिमटे लावतो.