राजीनामा दिलाय, 90 दिवस थांबायचं नाहीये. मदत हवी आहे

अधांतरी
सोमवारी (6 एप्रिल) राजीनामा टाकला. नोटीस 90 दिवसांची, पण नव्या कंपनीला मी मेच्या पहिल्या आठवड्यात हवी आहे. एचआर म्हणते, बायआउट (नोटिशीऐवजी पैसे भरून सुटणं) मिळणार नाही. 18 सुट्ट्या शिल्लक आहेत, त्या नोटिशीत वळत्या होतात ना? आणि तशीच निघाले तर किती कापतील? जरा लवकर सांगा, उद्या मॅनेजरशी बोलायचंय.

पगारपत्रक
कंपनी कसली, कुठली? बेसिक (मूळ पगार) किती, ग्रॉस (भत्त्यांसह एकूण) किती? सुट्ट्या ईएल (अर्जित रजा) की सीएल (नैमित्तिक रजा)? नेमणूकपत्रातल्या नोटिशीच्या कलमाचे नेमके शब्द काय? यातलं काहीच न सांगता "किती कापतील" याचं उत्तर कोण देणार?

कटिंगचहा
एवढा खल कशाला? लॅपटॉप जमा करा आणि निघा. कुठलंही कोर्ट कुणाला जबरदस्तीनं कामाला लावू शकत नाही.

सरळसोट
कामाला लावू शकत नाही, पण करारातले पैसे भरायला लावू शकतं. शिवाय रिलीव्हिंग लेटर (कार्यमुक्तीचं पत्र) अडकतं आणि नव्या कंपनीची बॅकग्राउंड तपासणी नेमकी तिथेच ठेचकाळते. फुकटचे सल्ले देऊ नका.

अधांतरी
पुणे, आयटी, पाच दिवसांचा आठवडा. ग्रॉस 62,000, बेसिक 31,000. सगळ्या ईएल. पत्रात "90 दिवसांची नोटीस किंवा त्याऐवजी पगार, कंपनीच्या मर्जीनुसार" असं आहे.

पगारपत्रक
"कंपनीच्या मर्जीनुसार" इथेच मेख आहे. पैसे भरून सुटणं हा तुमचा हक्क नाही, ती विनंती ठरते. ती तोंडी करू नका, मेलवर करा, आणि त्यात कामाच्या हस्तांतराच्या तारखा घाला. नुसतं "लवकर सोडा" म्हटलं तर मॅनेजर फाइल पुढे सरकवत नाही.

हिशोब असा. 30 दिवस भरले तर 60 कमी पडतात. वसुली ग्रॉसवर असेल तर 1,24,000, बेसिकवर असेल तर 62,000. कशावर, ते पत्रात किंवा एचआर पॉलिसीत शोधा. 18 ईएलचे पैसे बेसिक भागिले 30 केलं तर 18,600 आणि भागिले 26 केलं तर साधारण 21,460. सुट्ट्या नोटिशीत वळत्या करणं कंपनीच्या पॉलिसीवर आहे. बऱ्याच ठिकाणी उलट होतं, नोटिशीत सुट्टी घेतली की शेवटचा दिवस तेवढा पुढे जातो.

वहीखाते
सेटलमेंटच्या (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबाच्या) कागदावर नोटिशीच्या वसुलीवर 18 टक्के जीएसटी लावलेला दिसला तर हरकत घ्या. ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानं तो लागत नाही हे स्पष्ट केलंय, तरी जुन्या टेम्प्लेटमध्ये ती ओळ राहून जाते. आणि "45 दिवसांनी हिशोब" हेही ऐकून घेऊ नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू आहे. राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं.

मोरपीस
पीएफ लगेच काढून घ्या. फॉर्म 19 आणि 10सी, दोन्ही ऑनलाइन होतात.

सरळसोट
विचारलंय कुणी? दुसरी नोकरी हातात असताना पीएफ काढायचा नसतो, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकावर) ट्रान्सफर करायचा. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला आणि रक्कम 50,000 च्या वर असली तर टीडीएसही कापतात.

पगारपत्रक
पाच वर्षांवरून आठवलं. रुजू कधी झालात?

अधांतरी
6 जुलै 2021. त्याचा इथे काय संबंध?

पगारपत्रक
ग्रॅच्युइटीचा! सलग पाच वर्षं भरली की नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम. 5 जुलै 2026 ला पाच वर्षं भरतात. 31,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 5, म्हणजे जवळपास 89,400. मेमध्ये निघालात तर हे बुडण्याची भीती, वर 60 दिवसांची वसुली. ग्रॉसवर कापलं तर फरक दोन लाखांच्या पुढे जातो.

कटिंगचहा
चूक. चार वर्षं आणि वर 240 दिवस झाले की ग्रॅच्युइटी मिळते. मद्रास हायकोर्टाचा 1996 चा निकाल आहे.

वहीखाते
निकाल आहे, आणि पाच दिवसांच्या आठवड्याला 240 ऐवजी 190 दिवस धरतात. पण पुण्यातली कंपनी तो आपणहून मानेलच असं नाही. नाही मानला तर अर्ज, सुनावणी, तारखा. हातात येणारे पैसे म्हणून ते मोजू नका.

कटिंगचहा
म्हणजे मिळते. मी तेच म्हणालो.

अधांतरी
बरं. नव्या कंपनीला जुलैची तारीख मागून बघते. मग पूर्ण नोटीस भरली की प्रश्न मिटला ना?

पगारपत्रक
पोर्टलवर शेवटचा दिवस कुठला दिसतोय?

अधांतरी
4 जुलै.

सरळसोट
तो शनिवार आहे. एचआर तो शुक्रवारी, 3 तारखेला ओढेल. पाच वर्षं भरतात रविवारी.

पगारपत्रक
म्हणून शेवटचा दिवस सोमवार, 6 जुलै करून घ्या. मॅनेजरच्या होकाराची मेल हवी आणि पोर्टलवरही तारीख बदललेली दिसली पाहिजे, कारण सेटलमेंट पोर्टलच्या तारखेवरून निघतं. एप्रिलमध्ये हे दोन मिनिटांत होतं. जुलैत सांगाल तर सिस्टिम लॉक झाली म्हणतील.

मोरपीस
माझी नोटीस 60 दिवसांची आहे पण प्रोबेशन संपलेलं नाही. मला किती लागू होते?

पगारपत्रक
नवा धागा काढा. आणि पत्रातले शब्द आधी टाका.