मदत हवी आहे: जिन्याखालचं आणि गॅरेजमधलं प्लास्टिकचं कन्झ्युमर युनिट बदलावंच लागेल का? (इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

आम्ही लेस्टरला राहतो. गेल्या वर्षी जुनं सेमी-डिटॅच्ड घर घेतलं. कन्झ्युमर युनिट (आपल्याकडचा डीबी, म्हणजे विजेचा मुख्य बोर्ड) लाकडी जिन्याखालच्या कपाटात आहे, पांढऱ्या प्लास्टिकचं. त्याच्याच खाली चपला, तांदळाची पिशवी, दिवाळीचे कंदील. वर आम्ही दोघं, मुलगी आणि सध्या पुण्याहून आलेली आई झोपतो. खाली यायला तेवढा एकच जिना.

मागच्या अंगणात सुटं गॅरेज आहे. घरातून जमिनीखालून आर्मर्ड केबल गेली आहे आणि तिथेही दोन एमसीबींचं (जास्त करंट गेला की आपोआप पडणारे स्विच) छोटं प्लास्टिकचं युनिट. ड्रायर आणि फ्रीझर तिथेच. परवा ड्रायर चालू असताना युनिटजवळ जळका वास आला. ड्रायर बंद केल्यावर गेला. एमसीबी मात्र पडला नाही.

दोन इलेक्ट्रिशियन बोलावले. एक म्हणाला, २०१६ पासून प्लास्टिक बेकायदेशीर आहे, दोन्ही काढा. दुसरा म्हणाला, नियम फक्त राहत्या घराला आहे, गॅरेजला नाही. कुणाचं ऐकू? आई रात्री त्याच जिन्यावरून पाणी प्यायला उतरते, मला झोप लागत नाही.

प्रतिसाद १

ताई, नियम नंतर. आधी गॅरेजला जाणारा पुरवठा घरातूनच बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत चालू करू नका. युनिटचं झाकण स्वतः उघडू नका.

मी इथे इलेक्ट्रिशियन आहे. तुम्ही सांगताय त्यावरून टर्मिनलचा स्क्रू सैल असावा असं वाटतं. सैल जोडाला रोध वाढतो आणि तो तापतो. ड्रायरसारखा मोठा लोड तासभर चालला की प्लास्टिक वितळायला लागतं. एमसीबी पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो, उष्णता तेवढ्या एका जोडावर साठते. अशा आगी वाढल्या म्हणूनच बीएस ७६७१ (इथले वायरिंगचे नियम) मध्ये ४२१.१.२०१ हे कलम आलं. १ जानेवारी २०१६ पासून घरगुती जागेत बसणाऱ्या नव्या युनिटची पेटी न जळणाऱ्या पदार्थाची, म्हणजे व्यवहारात स्टीलची, हवी. नाहीतर युनिट तशाच कपाटात बंदिस्त हवं. पेटीमुळे जोड तापायचा थांबत नाही, आग आतल्या आत राहायला मदत होते. म्हणून केबलची भोकंही नीट बंद केलेली लागतात.

तुमचे दोघेही अर्धं बरोबर बोलले. आधीपासून बसलेलं प्लास्टिक युनिट बेकायदेशीर ठरत नाही, नियम मागे जाऊन लागत नाही. पण घराला जोडलेलं किंवा जवळचं गॅरेज, शेड यांनाही तो लागू धरतात, त्यामुळे तिथलं युनिट बदलताना स्टीलचंच घ्या. जिन्याखालचं, लाकडी जिना आणि बाहेर पडायची एकमेव वाट म्हटल्यावर, ईआयसीआर (वायरिंगच्या) तपासणीत सहसा सी३ म्हणून नोंदवतात, म्हणजे सुधारणा सुचवलेली. वितळल्याची, काळवंडल्याची खूण दिसली तर मात्र गोष्ट गंभीर. तुमच्या जागी मी तेही बदललं असतं.

एक विचारायचं राहिलं: गॅरेजला स्वतंत्र अर्थ रॉड आहे का?

धागाकर्ती

खूप आभार. पुरवठा बंद केला, फ्रीझरमधलं सगळं शेजारच्या काकूंकडे ठेवलं. कपाटही रिकामं केलं. हो, गॅरेजच्या भिंतीलगत जमिनीत तांब्याचा रॉड दिसतोय, हिरवी-पिवळी वायर आहे.

प्रतिसाद १

मग हे इलेक्ट्रिशियनला आवर्जून सांगा. रॉडचा रोध जास्त असतो, त्यामुळे त्यातून करंट कमी वाहतो. आरसीडीच्या (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) आधीची फेज स्टीलच्या पेटीला चिकटली तर फ्यूज उडणार नाही आणि पेटीच जिवंत राहील. म्हणून घराकडच्या टोकाला आरसीडी हवा, नाहीतर गॅरेजच्या आरसीडीपर्यंतची जोडणी दुहेरी इन्सुलेशनची. सगळे स्क्रू टॉर्क स्क्रूड्रायव्हरने, कंपनीने दिलेल्या आकड्याला आवळलेत ना, तेही विचारा.

प्रतिसाद २

ताई, इंग्लंडमध्ये युनिट बदलणं पार्ट पी (बिल्डिंग रेग्युलेशनचा घरातल्या विजेच्या कामाचा भाग) खाली कळवावं लागतं. नोंदणीकृत माणूस असेल तर तोच कळवतो, वेगळी फी भरावी लागत नाही. कामानंतर इलेक्ट्रिकल सर्टिफिकेट आणि बिल्डिंग रेग्युलेशनचं प्रमाणपत्र, दोन्ही मागून घ्या. आम्ही घर विकायला काढलं तेव्हा वकिलाने आधी हेच मागितलं होतं. आणि जिन्यावर स्मोक अलार्म नसेल तर आजच लावा, त्याला कुणाची वाट बघायची गरज नाही.

धागाकर्ती

अलार्म आत्ताच लावला, बटण दाबून बघितलं. आईलाही आवाज ऐकवून ठेवलाय. गुरुवारी नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन येतोय, रॉडचं आणि टॉर्कचं कागदावर लिहून ठेवलंय. झाकण उघडल्यावर आत काय निघालं ते इथेच सांगते.