शब्दचर्चा: ध्यान करतात, धरतात की लागतं?

दिवाळीनंतर मी सकाळचं ध्यान सुरू केलं. दूधवाला यायच्या आधी, गॅलरीत सतरंजी टाकून, १० मिनिटं. परवा जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. (आमचा सदाशिव पेठेतला वाडा पडून तिथे इमारत झाली, पण काकूंच्या चौकशा अजून वाड्यातल्याच आहेत.) मी कौतुकानं सांगितलं, "काकू, मी हल्ली मेडिटेशन करते." त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "बरं. पण लागतं का?"

मी गप्प. लागत नव्हतंच.

तेव्हापासून हे क्रियापद डोक्यातून जात नाही. झोप लागते, तहान लागते, उचकी लागते, तंद्री लागते, समाधी लागते. यातलं एकही आपण 'करत' नाही. अंथरुणावर आडवं होणं आपल्या हातात, झोप लागणं नाही. ध्यान याच रांगेतलं असेल तर 'मी रोज ध्यान करते' हे 'मी रोज तहान करते' याच्याइतकंच विचित्र झालं. 'ध्यानाला बसते' म्हणावं का? जेवायला बसतो, अभ्यासाला बसतो, तसं. आणि जाता जाता, 'अभ्यास'मध्येही 'आस' म्हणजे बसणंच आहे ना? आसन, उपासना, अभ्यास? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
'ध्यान करणे' चूक नाही. फक्त जुन्या वापरात त्याच्या आधी 'कोणाचं' यायचं. विठ्ठलाचं ध्यान करणं, गुरूचं ध्यान धरणं. तुकोबांच्या 'सुंदर ते ध्यान'मध्ये तर ध्यान म्हणजे विटेवरचं ते रूपच. तेच ध्यान घसरत घसरत 'काय ध्यान आहे!' इथवर आलं आणि आता ते कोणाच्याही जावयाला लावता येतं. हल्ली 'कोणाचं' गळून गेलं, नुसतं ध्यान उरलं, म्हणून 'करणे' उघडं पडून कानाला खटकतं. 'ध्यान द्या' मात्र सरळ हिंदी. मराठीत लक्ष देतात आणि गोष्ट ध्यानात ठेवतात.

प्रतिसाद:
ध्यान हे 'ध्यै' धातूवरून, अर्थ चिंतन करणे. पाळीत 'झान', चीनमध्ये 'चान', जपानमध्ये 'झेन'. एवढा प्रवास केलेले शब्द आपल्याकडे फार नसतील.

अभ्यासाची फोड मात्र चुकली. आसन आणि उपासना 'आस्' म्हणजे बसणे यावरून. अभ्यास हा अभि + अस्, आणि हा 'अस्' म्हणजे फेकणे. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा फेकणे. पाणिनीच्या व्याकरणात धातूचं द्वित्व होतं तेव्हा पहिल्या अंशाला 'अभ्यास' म्हणतात, 'ददाति'तला पहिला 'द' बघा. पतंजलींची योगसूत्रांतली व्याख्या 'तत्र स्थितौ यत्नोऽभ्यासः', चित्त स्थिर राहावं म्हणून केलेला यत्न. काकूंच्या 'लागतं का'ला त्यात जागा नाही, मोजतात तो यत्न. पुढच्याच सूत्रात हा अभ्यास कशानं पक्का होतो ते येतं: दीर्घकाळ, नैरंतर्य आणि सत्कार. यातला सत्कार आपण शाल-श्रीफळाला देऊन टाकला. तिथे अर्थ आहे, आदरानं, मनापासून. उरकून टाकणं त्यात बसत नाही.

धागाकर्ती:
फेकणे! हे तर माझ्या १० मिनिटांचं वर्णन आहे. मन श्वासावर टाकलं की ते मंडईत जाऊन मटारचा भाव विचारतं. उचलून आणायचं, परत टाकायचं. मी याला 'जमत नाही' म्हणत होते. म्हणजे अभ्यास चालू होता की!

प्रतिसाद:
गुडघ्यांमुळे मांडी घालता येत नाही. खुर्चीवर बसलं तर 'आसन' म्हणायचं का?

प्रतिसाद:
बेलाशक. 'स्थिरसुखमासनम्', स्थिर आणि सुखाचं. सूत्रात मांडीचं नावही नाही.

प्रतिसाद:
मी मरकळला विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर केलं. पहिले ३ दिवस आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास. तो घ्यायचा नाही, येतोय तसा जाणायचा. 'करणे' तिथे फारसं ऐकू येत नाही, सगळा भर 'जाणणे'वर. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगतात. माझं दोन आठवडे चाललं. मग पाहुणे, मग मुलाची परीक्षा. खंड पडला. हा शब्दच इतका जड आहे की एकदा उच्चारला की परत सतरंजी उचलायचा धीर होत नाही. आठ महिने गेले.

प्रतिसाद:
खंड म्हणू नका, खाडा म्हणा. खंड व्रताला पडतो, खाडा कामाला होतो. आमच्या मावशी आल्या नाहीत की त्यांचा खाडा, दुसऱ्या दिवशी त्या मुकाट्यानं येऊन भांडी घासतात, प्रायश्चित्त घेत बसत नाहीत. मी कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितो. त्याच चौकटीत, खालच्या कोपऱ्यात, बसण्याचे. गेल्या महिन्यात दुधाचे २, माझे ९. रडायचं काही नाही, पण आकडा डोळ्यांसमोर राहतो. आणि एका तासाचं तुमच्या घरात बसत नसेल तर आधी पाव तासाचं करून बघा ना.

प्रतिसाद:
'नेम' राहिला की! 'नियम'चंच घासून गुळगुळीत झालेलं रूप. आजीला साधना वगैरे शब्द माहीत होते, पण ती म्हणायची, "नेम आहे माझा." (साधना म्हटलं की मला आधी शनिवार पेठेतलं साप्ताहिक आठवतं, माझा इलाज नाही.) गंमत अशी की नेम धरतात तो निशाणावरही, आणि 'त्याचा काही नेम नाही' म्हणजे भरवसा नाही. वर जे 'पुन्हा पुन्हा फेकणे' आलं त्याच्याशी हा नेम छान जुळतो. आजीचा नेम वेळेला बांधलेला नव्हता, आंघोळीला बांधलेला होता. आंघोळ झाली की पाटावर. घड्याळ चुकलं तरी आंघोळ चुकत नाही.

धागाकर्ती:
मग माझा दुधाला बांधलेलाच आहे. आता शेवटची शंका. सातव्या-आठव्या मिनिटाला मान खाली जाते आणि फार बरं वाटतं. काकूंना सांगू का लागलं म्हणून? की ही तंद्री?

प्रतिसाद:
मान खाली गेली म्हणजे पेंग. तंद्रीत गॅसवरचं दूध उतू जातं, पेंगेत हातातली माळ खाली पडते. काकूंना एवढ्यात सांगू नका, त्या माळेचं विचारतील.